छत्तिसाव्या वर्षी फर्स्ट एमबीबीएस

मार्च २०२२. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी नर्स म्हणून नाइट ड्युटीला होते. लेबर रूममध्ये एक पहिलटकरीण होती, तिला अजून वेळ होता. पहाटे तीनच्या सुमाराला चहा घेताना मोबाईलवर बातमी दिसली, की नॅशनल मेडिकल कमिशननं नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठीची कमाल वयाची अट काढून टाकली आहे. त्याआधी खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० अशी अट घातली होती. सुप्रीम कोर्टाच्या अंतरिम आदेशामुळे मोठ्या वयाचे लोक परीक्षेला बसत होते, पण निकाल विरुद्ध गेला तर काय, ही टांगती तलवार डोक्यावर असायची. आता ती नव्हती. मी तेव्हा ३५ वर्षांची होते, मुलगी पाचवीत होती आणि नोकरी एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, कंत्राटी, ११-११ महिन्यांच्या करारावर.

पहाटे साडेपाचला त्या बाईला मुलगा झाला. बाळ पुसून आईच्या छातीवर दिलं, तोवर माझं मनात ठरलेलंही होतं. घरी सांगायला मात्र आठ दिवस लागले.

डॉक्टर व्हावं असं का वाटत होतं, ते आधी सांगते. लहानपणीचं स्वप्न वगैरे नव्हतं. २००४ मध्ये बारावी सायन्स झाले तेव्हा घरची परिस्थिती बघून जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, लगेच नोकरी लागली आणि मी त्यात समाधानी होते. नंतर आमच्या दवाखान्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायका येऊ लागल्या. पंचविशी-तिशीतल्या बायका, पोटावर टाके, गर्भपिशवी काढलेली. पुढे २०१९ मध्ये शासनानं यावर चौकशी समितीही नेमली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून बायका ड्रेसिंग करून घेताना मला हळूच विचारायच्या, "सिस्टर, पांढरं जातंय, कंबर दुखती. डॉक्टर म्हनले पिशवी काढा. काढू का?" मला आतून वाटायचं, नको गं बाई, एवढ्यात नको. पण हे सांगायचा अधिकार मला नव्हता. त्याहून खरं सांगायचं तर, का नको हे मला नीट सांगताच आलं नसतं. बीजांडकोशही काढले तर हाडांवर काय परिणाम होतो, का होतो, दुसरे उपाय कोणते, यातलं मी ऐकलेलं होतं, शिकलेलं नव्हतं. मी त्यांना म्हणायचे, "मोठ्या दवाखान्यात अजून एकदा दाखवून घ्या." त्या मान हलवायच्या. पुढच्या हंगामात परत यायच्या तेव्हा टाके पडलेले असायचे.

आमचे हे अनुदानित शाळेत शिक्षक आहेत. आठ दिवसांनी जेवताना विषय काढला. ते म्हणाले, "फिजिक्स जमंल का?" बस, एवढंच. सासूबाईंनी मात्र ताट बाजूला सारून विचारलं, "किती वर्षं?" साडेपाच म्हटल्यावर त्या बोटं मोजत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरगी तवर बारावीला जाईल. मी हाय. जा."

फिजिक्स खरंच जमत नव्हतं. बायोलॉजी बरी होती, केमिस्ट्रीचं पाठांतर होत होतं, पण फिरत्या चाकाचा टॉर्क आणि भिंगांची गणितं बघितली की डोळ्यांपुढे अंधार. लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांचे शेकडो क्लास आहेत. एका ठिकाणी चौकशीला गेले तर मोठ्या माणसांची बॅच नाही म्हणाले. शेवटी माझा बारावीतला भाचा मदतीला आला. तो स्वतः नीटची तयारी करत होता. रविवारी दुपारी तो मला शिकवायचा, आणि चुकलं की मान खाली घालून हळूच म्हणायचा, "मामी, परत एकदा बघू." १८ वर्षांच्या पोरानं दाखवलेला तो धीर मी विसरणार नाही.

२०२२ च्या जुलैमध्ये पहिली नीट दिली. ७२० पैकी २८६. पात्र ठरले, पण सरकारी कॉलेज फार लांब होतं. पुढचे दहा महिने ड्युटी सांभाळून अभ्यास केला. नाइट संपवून सकाळी घरी आले की तीन तास झोप, मग एनसीईआरटीची दोन पुस्तकं. ती इतक्या वेळा वाचली की पान डोळ्यांसमोर यायचं. मे २०२३ च्या परीक्षेला लातूरच्या सेंटरवर गेले तेव्हा गेटवरचा माणूस म्हणाला, "पालकांनी दोरीच्या मागं थांबा." मी हॉलतिकीट पुढे केलं. त्यानं फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि दोरी वर उचलून धरली. या वेळी ५०९ मिळाले आणि राखीव प्रवर्गातून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या राउंडला मराठवाड्यातलं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं.

मार्कांपेक्षा जास्त घाम कागदपत्रांनी काढला. लग्न झालेल्या बायकांनी हे आधीपासून लक्षात घ्यावं म्हणून जरा सविस्तर लिहिते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र सगळं माहेरच्या नावावर. आधार, बँक, नोकरीचा अनुभव सासरच्या नावावर. ही दोन्ही माणसं एकच आहेत हे कागदावर सिद्ध करावं लागतं. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्या लग्नाची नोंदणी कधी केलेलीच नव्हती. मग लग्नानंतर चौदा वर्षांनी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदणी केली, लग्नपत्रिका शोधली, साक्षीदार जमवले. त्यातल्या एका साक्षीदाराला चालता येत नव्हतं, त्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. राजपत्रात नावबदल छापून घेतला. मग गॅपचं प्रतिज्ञापत्र. पोरं एका वर्षाच्या, दोन वर्षांच्या गॅपचं करतात, माझ्या कागदावर १९ वर्षं. त्या वर्षांत काय केलं या रकान्यात मी लिहिलं, "रुग्णसेवा". जात वैधता आधीच काढलेली होती म्हणून वाचले. ज्यांच्याकडे नाही त्यांनी नीटच्या अभ्यासाआधी तो अर्ज करावा, कारण त्याला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं.

नोकरीचा राजीनामा दिला त्या दिवशी लेबर रूमच्या रजिस्टरची शेवटची पानं चाळली. माझ्या सह्याच सह्या. ते रजिस्टर मिटून ठेवताना हात जड झाला होता.

वर्गात १०० मुलं. बहुतेकांचा जन्म मी बारावी झाले त्याच्या पुढेमागे झालेला. सुरुवातीला त्यांना मला काय हाक मारावी कळेना. कुणी मॅडम, कुणी आंटी. आठवड्याभरात ताई पक्कं झालं. हॉस्टेलला माझी रूममेट जळगावकडची, १८ वर्षांची. पहिल्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडत होती. मीही रडत होते, पण मला आवाज न करता रडायची सवय आहे. सकाळी तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला पण घरची आठवण येते?"

डिसेक्शन हॉलला सगळे डीएच म्हणतात. पहिल्या दिवशी ज्यांनी देहदान केलं त्यांच्यासमोर उभं राहून शपथ घ्यायची असते. मृत्यू मी खूप पाहिलेत. प्रेतं पुसलीत, नाकाकानात कापूस घातलाय, नातेवाइकांच्या ताब्यात दिलीत. म्हणून मला काही वाटणार नाही असा समज होता. पण ही माणसं कुणाच्याच ताब्यात गेली नव्हती. ती आपल्यासाठी थांबली होती. फॉर्मॅलिननं सगळ्यांचेच डोळे पाणावले होते, त्यामुळे माझे का पाणावले ते कुणी विचारलं नाही.

एक दिवस मात्र मी जन्मभर लक्षात ठेवीन. पायाचं डिसेक्शन सुरू झालं, त्यात ग्लुटिअल रिजन, म्हणजे कुल्ल्याचा भाग. बॉडी पालथी घातलेली. त्वचा आणि चरबी बाजूला केल्यावर तो मोठा स्नायू दिसला, सुतळीसारखे जाडे धागे तिरपे गेलेले. तो कापून आमच्या टेबलवरच्या मुलानं हळूहळू उलटा केला. खालून एक पांढुरकी, चपटी पट्टी बाहेर आली. माझ्या अंगठ्याएवढी रुंद. मला आधी ती कंडराच वाटली. सर म्हणाले, "सायटिक नर्व्ह. शरीरातली सगळ्यात जाड मज्जातंतूची नस. पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून निघते, इथून खाली जाते."

मी १५ वर्षं कुल्ल्यावर इंजेक्शनं दिली आहेत. जागेचे चार भाग करायचे, बाहेरच्या वरच्या भागात सुई टोचायची, हे पहिल्या वर्षी शिकवलेलं. मी कधी चुकले नाही. पण तिथेच का, हे माझ्यासाठी एक वाक्य होतं, "नसेला लागू नये म्हणून". ती नस एवढी जाड, एवढी उघडी, स्नायूच्या इतकी लगेच खाली असते, हे मी हातमोज्यातल्या बोटानं चाचपलं तेव्हा कळलं. आणि मला एक पोरगा आठवला. चारेक वर्षांचा, वस्तीवरचा. तापात कुणीतरी सुई दिली होती, दुसऱ्या दिवसापासून त्याचं पाऊल लोंबायचं, चालताना बोटं जमिनीला घासायची. त्याची आई म्हणाली होती, "तापच पायात उतरला." आम्ही त्याला जिल्ह्याला पाठवला होता. पुढे काय झालं मला माहीत नाही. त्या टेबलाशी उभं राहून मी ती पट्टी बघत होते आणि ती सुई कुठे गेली असेल ते मला दिसत होतं. शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, बसता का जरा?" मी बसले नाही. फोर्सेपनं ती नस खाली मांडीपर्यंत सोडवत नेली.

लोकांना वाटतं की मोठ्या वयात पाठांतर जड जातं. जातं. ब्रेकिअल प्लेक्ससची, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची, आकृती पोरं पाच वेळा काढतात, मी चाळीस वेळा काढली. पोरं मोबाईलवर फ्लॅशकार्ड करतात, ते रूममेटनं मला शिकवलं, मी तिला पहाटे चारला उठायला शिकवलं. यातून मार्ग निघतो. खरी अडचण दुसरीच होती, आणि ती मला पहिल्या इंटर्नल परीक्षेत कळली. फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीर कसं चालतं त्या विषयात, मला १०० पैकी ३८ पडले. रक्तदाबाच्या नियंत्रणावर प्रश्न होता. मी दोन पानं भरून लिहिलं होतं आणि माझ्या मते ते उत्तम होतं. पेपरवर लाल पेनानं लिहिलं होतं, "हे काय करायचं ते आहे. का होतं ते कुठे आहे?"

फिजिऑलॉजीच्या मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "बाळंतीण उठून बसताना चक्कर येऊन पडली, तर तुम्ही काय करता?"

"आडवी करते. पाय वर करते. पल्स, बीपी बघते, ब्लीडिंग बघते."

"पाय वर का करता?"

"बीपी वाढतं म्हणून."

"का वाढतं?"

मी गप्प. हजार वेळा केलेली गोष्ट, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कागद ओढला आणि पायातल्या शिरांतलं रक्त, हृदयाकडे परत येणारं रक्त, मानेतल्या धमनीतले दाब ओळखणारे तंतू, तिथून मेंदूकडे जाणारी खबर, सगळं अर्ध्या तासात काढून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे उत्तरं आहेत. आता प्रश्न शिका."

तेव्हापासून मी वहीच्या डाव्या पानावर मला नर्स म्हणून माहीत असलेली कृती लिहू लागले आणि उजव्या पानावर तिचं कारण. प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन. नवजात बाळाला व्हिटॅमिन के. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट, आणि ते देताना गुडघ्याचा रिफ्लेक्स का बघत राहायचा. काही उजवी पानं आजही कोरी आहेत. पण हे करताना जाणवलं की जाणतेपणा बाजूला ठेवायला मला किती त्रास होत होता. वॉर्डात नवखी पोरं माझ्याकडे बघून शिकायची, मला सलाइनची शीर अंधारात सापडायची. इथं मी पुन्हा शेवटच्या बाकावरची. ते मान्य करायला मला सहा महिने लागले.

घराविषयी लिहायला हात धजावत नाही, पण ते वगळून लिहिलं तर खोटं होईल. दर शनिवारी दुपारी एसटीनं घरी, रविवारी रात्री परत. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे मधल्या वारी जाता येत नाही. मुलीला पहिल्यांदा पाळी आली तो मंगळवार होता. इतर पोरींना शाळेत जाऊन पाळीविषयी समजावून सांगणारी मी, आणि माझ्या पोरीच्या वेळी मी बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये. रात्री फोनवर ती म्हणाली, "आजीनं सगळं सांगितलं. तू अभ्यास कर." फोन ठेवल्यावर मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसले. त्या एका रात्री परत जावंसं वाटलं. सासूबाईंचा सकाळी पुन्हा फोन आला, "पोरगी शाळेत गेली. तू डबा खाल्ला का?"

माझं वय काढून लोक बोलले, ते मी मनावर घेतलं नाही. ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ६४ व्या वर्षी बुर्ला इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतल्याची बातमी २०२० मध्ये आली होती, ती मी कापून वहीत चिकटवली आहे. आणि मला डॉ. रखमाबाई राऊत यांचा फार आधार वाटतो. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ असते, आणि त्या थोरच. पण रखमाबाईंवर नवऱ्यानं नांदायला यावं म्हणून १८८४ मध्ये दावा लावला, त्या चार वर्षं कोर्टाला पुरून उरल्या आणि मग पंचविशीत लंडनला जाऊन वैद्यकीय शिक्षणाला लागल्या. त्या काळात पंचविशी म्हणजे आयुष्य ठरून गेलेलं असायचं. तिथून येऊन त्यांनी सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं बायकांची सेवा केली. सुरुवात उशिरा झाली म्हणून काम थोडं झालं नाही.

फर्स्ट एमबीबीएसची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा पहिल्या प्रयत्नात सुटली. ॲनाटॉमीत चांगले मार्क, बायोकेमिस्ट्री काठावर. ॲनाटॉमीच्या वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हिप बोन हातात दिलं आणि विचारलं, "इंजेक्शन कुठे द्याल?" मी दाखवलं. "का?" मी बोलायला लागले ते त्यांनी थांबवेपर्यंत बोलत राहिले.

आता सेकंड इयरला आहे. मागच्या महिन्यात स्त्रीरोग-प्रसूतीची पोस्टिंग लागली. लेबर रूमचं दार ढकललं आणि तो वास आला. बेटाडिन, रक्त, ओली चादर. दोन वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं. टेबलवरची बाई कण्हत होती, हार्टरेटची टकटक चालू होती. माझे हात आपोआप ग्लोव्हच्या डब्याकडे गेले. ड्युटीवरच्या सिस्टर वळल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही जरा भिंतीकडं उभ्या राहा." मी राहिले. हात मागे बांधून घेतले.

बाळ आलं. मग वार आली. सिस्टर पोटावरून गर्भाशय चोळत होत्या, मी हजारदा केलेलं तेच काम. पहिल्यांदाच ते करायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. आणि मी बघत होते ते आत काय चाललंय ते: एकमेकांत विणलेले स्नायूंचे धागे आवळले जातायत, त्यांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या विणीत चिमटल्या जातायत, रक्त थांबतंय. हाताखाली टणक गोळा लागला की "आता ठीक आहे" असं म्हणायचे मी. ते टणक होणं म्हणजे काय, ते मला भिंतीशी उभं राहून दिसलं. बाईचा चेहरा सैल झाला. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "सिस्टर, काय झालं?" मी सिस्टरकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. "मुलगी झाली ताई," मी सांगितलं, "रडतीय चांगली."

पोस्टिंग संपल्यावर सगळे लॉगबुक घेऊन बसले. प्रत्येक कामापुढे एक अक्षर लिहायचं असतं: नुसतं पाहिलं असेल तर ओ, मदत केली असेल तर ए, स्वतः केलं असेल तर पी. मी तारीख घातली, पुढे "नॉर्मल डिलिव्हरी" लिहिलं आणि त्याच्यासमोर ओ. मग रेसिडेंट डॉक्टरांच्या सहीसाठी रांगेत उभी राहिले.